नळ त्यांचा, गटार आमचं?

मी प्लंबर आहे. तीस वर्षांच्या वर झाली. आयटीआयचा कागद पेटीत आहे, कडा पिवळ्या पडल्यात. हे आधीच सांगून टाकतो. आपल्या सभांमधनं बोलणाऱ्यांत वकील असतात, प्राध्यापक असतात, बँकेतले साहेब असतात. पाना धरणारा कुणी बोलत नाही. तो सतरंज्या घालतो, माईकची वायर जोडतो नि मागं जाऊन उभा राहतो. आज त्याला बोलायचंय.

जयंतीच्या वर्गणीला पोरं आली होती. त्यातलं एक पोरगं बाकीचे खाली उतरल्यावर मागं थांबलं नि हळूच म्हणालं, ‘काका, प्लंबर व्हायचं तर कुठं जायचं?’ बारावी झालेलं, दोन वर्षं घरी बसलेलं. मी तोंड उघडलं नि तसाच राहिलो. तीस वर्षं ज्या धंद्यात काढली त्याचा दरवाजा कुठं आहे हे मला सांगता येईना. त्याला खरं सांगायचं तर जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट. बारा बलुतेदारांत प्लंबर नाही. सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, आपण तर आहोतच. नळ जोडणारा नाही, कारण नळच नव्हता. इंग्रजांच्या काळात शहरात लोखंडी पाईप आले नि त्यांच्या मागनं हा धंदा आला. कुठल्या पुराणात तो नाही, कुठल्या स्मृतीत त्याची जात लिहिलेली नाही. म्हंजे निदान हा धंदा तरी जातीविना राहायला हवा होता. कोरी पाटी होती. राहिली का कोरी? बघा.

१९७२ च्या दुष्काळात माझा बाप उस्मानाबादकडनं, आता धाराशिव म्हणतात, पिंपरीला आला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभं होतं, टेल्को आली होती, भोसरीला एमआयडीसीच्या शेड उठत होत्या. बापाच्या हाती आला टिकाव. पाईपलाईनीचे चर खणायचे. छातीएवढा चर बाप खणायचा, पाईप दुसरा सोडायचा, जॉइंट तिसरा मारायचा. तिघांत पगार सगळ्यात कमी कुणाला ते सांगायला नको. त्या चरांतनं पाणी कुठं कुठं गेलं. आमच्या वस्तीत नळकोंडाळं आलं त्यानंतर कितीतरी वर्षांनी, तेही एका नळावर शंभर हंडे. बाप म्हणायचा, ‘मी खणलं, तू जोड.’ शाळेबद्दल त्याला फारसं कळत नव्हतं, पण हे कळत होतं.

म्हणून १९९१ ला मी आयटीआयला प्लंबर ट्रेड घेतला. एक वर्षाचा कोर्स. डाय लावून पाईपाला आटे पाडायला शिकलो, सफेदा नि ताग लावून जॉइंट बांधायला शिकलो, बिडाच्या पाईपात शिसं ओतायला शिकलो, नकाशा वाचायला शिकलो. मग अप्रेंटिसच्या अर्जासाठी एका कारखान्याच्या गेटवर सात वेळा गेलो. सातही वेळा ‘जागा भरल्या’. आठव्या वेळी वॉचमनच म्हणाला, ‘कशाला चपला झिजवतो? जागा भरतात त्या आत भरतात, गेटवर नाही.’

दोस्तांनो, कायदा काय म्हणतो ते ऐका. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. त्यात १९७३ साली ‘३ अ’ कलम घातलं. नेमून दिलेल्या ट्रेडमध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या शिकाऊंना जागा राखून ठेवा, असं ते सांगतं. खाजगी कारखान्यालाही सांगतं. आपली पोरं म्हणतात खाजगीत आरक्षण नाही. नोकरीत नाही. शिकाऊ उमेदवारीत आहे, नि या कलमाला पन्नास वर्षं होऊन गेली. त्यातही केंद्राच्या व्याख्येत बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीत धरायला १९९० साल उजाडावं लागलं. म्हंजे पहिली सतरा वर्षं धम्म घेतलेल्या माणसाला त्या कलमाचा उपयोग नव्हता. नंतरच्या वर्षांत उपयोग झाला का हे कारखान्याच्या गेटवर जाऊन आपल्यातल्या कुणी विचारलं? मी तरी विचारलं का? नाही. मी चपला उचलल्या नि ठेकेदाराकडं गेलो.

तर या धंद्यात शिरायचे रस्ते चार.

पहिला मामाचा. मामा, काका, मेव्हणा, कुणीतरी आधी धंद्यात असतो. पोरगं सुट्टीत त्याच्याबरोबर जातं, पाईप धरतं, एक्सोब्लेड चालवतं, दोन वर्षांत मिस्त्री होतं. त्याला कागद लागत नाही. दुसरा दुकानदाराचा. नवं घर बांधणारा माणूस हार्डवेअरच्या दुकानात जातो नि विचारतो, चांगला प्लंबर आहे का? दुकानदार गल्ल्यातनं नंबर काढून देतो. त्याच दुकानात ओळखीच्याला वीस-पंचवीस हजारांचा माल उधार मिळतो. ही उधारी म्हंजेच भांडवल. बँक ज्याला उभं करत नाही त्याला दुकानदार उभं करतो, पण ओळखीच्यालाच. तिसरा ठेक्याचा. भोसरी असो की चाकण, ज्यांच्या जमिनी कारखान्यांत गेल्या त्यांच्यातल्या काहींनी पुढं ठेके घेतले. जमीन गेली, ठेका आला. ज्याच्या बापाला सातबाराच नव्हता त्याचं काय गेलं नि काय आलं? चौथा रस्ता कागदाचा, आयटीआयचा. हा रस्ता आपला. पहिले तीन रस्ते साईटवर जातात. चौथा गेटपर्यंत जातो.

कौशल्य, कौशल्य म्हणून जे नगारे वाजतात त्यांना माझा एवढाच सवाल आहे. कौशल्य आहे हो. त्याला आत कोण घेणार?

मी अखेर आत गेलो तो असा. २००८ साली चाकणच्या बाजूला मोठमोठे कारखाने उभे राहत होते. एका साईटवर ठेकेदारापुढं उभा राहिलो. कागद काढला. त्यानं कागद बघितला नाही. ‘नाव?’ सांगितलं. ‘पुढं?’ आडनाव सांगितलं. ‘गाव?’ गाव सांगितलं. ‘हां. तू ड्रेनेजवर जा.’ त्याच दिवशी लागलेला दुसरा पोरगा. अर्धा इंची नि पाऊण इंची पाईप हातात घेऊन ओळखता येत नव्हता त्याला. तो पाण्याच्या गँगला गेला.

साईटवर दोन गँग होत्या. कुठं लिहिलेलं नव्हतं, बोर्ड नव्हता, कुणी बोलून दाखवत नव्हतं. पिण्याच्या पाण्याच्या लाईनीवर कोण नि मैल्याच्या लाईनीवर कोण, हे हजेरीबुकातली आडनावं वाचली की कळत होतं. हजेरी दोन्हीकडं सारखीच. म्हणून कुणी म्हणेल, मग बिघडलं कुठं? बिघडलं ते शिकण्यात. पाण्याच्या गँगमधला पोरगा पंप बसवायला शिकला, लाईनीचं प्रेशर टेस्टिंग शिकला, इंजिनियरबरोबर नकाशावर वाकून बोलायला शिकला. तीन वर्षांत मिस्त्री. सहा वर्षांत सबठेका. आज त्याची स्वतःची गाडी आहे. माझ्या गँगमधले फावडं मारत राहिले. दहा वर्षांनी हजेरीच मागत होते.

आता गटाराच्या कामाला अक्कल लागत नाही असं ज्याला वाटतं त्यानं हे वाचावं. चार इंची मैल्याच्या पाईपाला साधारण चाळीस फुटांत एक फूट उतार लागतो. कमी दिला तर घाण बसते. भलताच जास्त दिला तर पाणी पळून जातं नि घाण मागं राहते. न्हाणी ट्रॅपात पन्नास मिलिमीटर पाणी उभं राहिलं पाहिजे. तेवढंच पाणी गटाराचा वास घरात येण्यापासनं अडवतं. हवेचा पाईप वर काढला नाही तर ते पाणी ओढलं जातं नि घरभर घाण सुटते. मग घरमालक अगरबत्त्या लावतो. हे सगळं शास्त्र आहे. पण नळ बसवणारा ‘कारागीर’ नि हे करणारा ‘गटारवाला’. कामाला वास येत नाही भावांनो, वास माणसाला येतो असं ते धरून चालतात.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. नंतर सवर्णांनी शेण-गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. आता घागरी लागत नाहीत. आडनाव विचारलं की भागतं.

नि हे नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट आपल्या प्रत्येक पोराला पाठ असली पाहिजे. विणकाम खात्यात पगार जास्त. तिथं अस्पृश्याला घेत नव्हते. का, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे नि त्याला थुंकी लागे. अस्पृश्याच्या थुंकीचा धागा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. लाल बावट्याखाली गळ्यात गळे घालणारे कामगार धोट्यापाशी आले की जातीचे होत होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. यंत्र विलायतेहून आलं होतं, गिरणी नवी होती, धंदा नवा होता. तरी त्यात विटाळ शिरला तो पगाराच्या वाटेनं शिरला. जिथं दोन पैसे जास्त, तिथं विटाळ. कमी पैशाच्या खात्यात विटाळ नव्हता! पाईपाचंही तेच. १९३६ साली बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जात कामं वाटत नाही, कामगारांनाच एकमेकांपासनं तोडते नि वरखाली लावते. आमच्या साईटवर तेच पुस्तक उघडं पडलेलं होतं, वाचणारा नव्हता.

माझी गटारातनं सुटका झाली ती कशी, हे सांगितलं तर हसाल. एक ओडिया मिस्त्री साईटवर आला. केंद्रापाडा जिल्ह्यातला. त्या जिल्ह्याच्या पट्टामुंडाई भागातनं देशभर प्लंबर गेलेत. आज्यांच्या काळात माणसं कलकत्त्याला गेली, इंग्रजी कंपन्यांत हे काम शिकली, मग भावाला नेलं, भाच्याला नेलं, गावंच्या गावं धंद्यात गेली. आता तिथं ओडिशा सरकारची प्लंबिंगची संस्थाही आहे. तर या मिस्त्रीनं मला विचारलं, ‘नाम?’ मी सांगितलं. आडनावही सांगितलं. त्याला त्या आडनावातनं काहीच कळलं नाही! मराठी आडनावाची चावी त्याच्याकडं नव्हती. त्यानं माझा हात बघितला, माझ्याकडनं एक जॉइंट मारून घेतला नि मला पाण्याच्या लाईनीवर घेतलं. गोंद लावून सीपीव्हीसी जोडायचं मी त्याच्याकडनं शिकलो. माझ्याच मुलखात, माझी भाषा न कळणाऱ्या माणसानं मला कारागीर म्हटलं. तो जातीपलीकडचा होता असं मी म्हणत नाही. त्याच्या गावात तोही हेच विचारत असेल. त्याला एवढंच की इथली शिडी पाठ नव्हती.

म्हणून सांगतो, डांगे चौकातल्या मजूर अड्ड्यावर सकाळी जाऊन ‘परप्रांतीय हटाव’ म्हणणाऱ्यांच्या झेंड्यामागं आपल्या पोरांनी जाऊ नये. आपली जागा त्या ओडिया नि बिहारी मजुरानं खाल्लेली नाही. तो येण्याआधीही आपण चरातच होतो.

आता चेंबरचं. माझ्या अंगावर गुदरलेलं सांगतो. एका हौसिंग सोसायटीत चेंबर तुंबला. सेक्रेटरी म्हणाला, ‘आत उतर, पाचशे जादा देतो.’ मी म्हटलं, मशीन बोलवा. तो म्हणाला, ‘तू प्लंबर ना?’ ही नवी चलाखी ओळखून ठेवा. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांविना माणसाला गटारात, सेप्टिक टाकीत उतरवायला बंदी आहे. १९९३ पासनं गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या असं सुप्रीम कोर्टानं २०१४ ला सांगितलं. २०२३ ला ती रक्कम तीस लाख केली. हे सगळं टाळायचं तर सोपं आहे. भंगी म्हणू नका, सफाई कामगार म्हणू नका, प्लंबर म्हणा. माणूस तोच, चेंबर तोच, नाव बदललं. आपल्या पोराला प्लंबर म्हणून बोलावतात तेव्हा कोणत्या अर्थानं बोलावतात हे त्यानं आधी विचारावं.

नि सरकार? सफाई कामगाराच्या वारसाला सफाईचीच नोकरी, ही लाड-पागे समितीची सोय. मी तिला नावं ठेवत नाही, तिच्यावर हजारो चुली पेटतात नि ती टिकवायला लोक लढलेत. पण विचारा की वारसा हक्कानं झाडू मिळतो तसा पाना का मिळत नाही? १७ सप्टेंबर २०२३ ला विश्वकर्मा योजना आली. अठरा धंदे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, झाडू विणणारे. गुरु-शिष्य परंपरेनं, घराण्यानं चालत आलेलं कसब बळकट करायचं म्हणतात. आपलं अख्खं भांडण घराण्यानं चालत आलेल्या धंद्याशी आहे नि सरकार त्याला ओळखपत्र देतंय. त्या अठरात प्लंबर नाही. नसणारच, त्याला घराणं नाही. म्हणून तर तो आपण घ्यायचा.

आता घरचा आहेर. आपल्यातले शिकलेले मला सांगतात, बाबासाहेबांनी घाणेरडी कामं सोडायला सांगितली, तू पोरांना पाना धरायला काय सांगतोस? अरे बाबांनो, बाबासाहेबांनी मेलेलं ढोर ओढायचं सोडायला सांगितलं. यंत्र सोडायला नाही. १९४२ साली व्हाइसरॉयपुढं आपली गाऱ्हाणी मांडताना त्यांनी सरकारी छापखान्यांत नि रेल्वेच्या वर्कशॉपांत आपल्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्यायची मागणी केली. त्यांना आपल्या पोरांच्या हातात टाईप नि लेथ हवे होते. एमपीएससीचा एक अर्ज नि दहा हजार पोरं, बाकीची नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव काय करणार याचं उत्तर तुमच्या भाषणात नाही. त्यांना बेकार ठेवून तुम्ही क्रांतीच्या कविता वाचणार असाल तर आम्ही सतरंज्या उचलतो.

मग करायचं काय? मला दिसतं ते लिहितो.

कारखान्यांत ३ अ कलमाप्रमाणे किती शिकाऊ घेतले, कुठल्या ट्रेडमध्ये घेतले, हे माहिती अधिकारात सरकारी कचेऱ्यांकडनं मागा. एकेकट्यानं नाही, संघटनेच्या नावानं, दरवर्षी. आकडे आले की गेटवर जा.

ज्यांच्या हातात काम आहे पण कागद नाही त्यांना कागद मिळवून द्या. अनुभवावर परीक्षा घेऊन दाखला देण्याची आरपीएलची सोय सरकारी कौशल्य योजनेत झालीय. महापालिकेचा नळजोड परवानाधारक प्लंबरामार्फत होतो. आपल्या प्रत्येक वस्तीत निदान एकाकडं तो परवाना हवा. आपल्याच गल्लीतला नळ जोडायला परवाना दुसऱ्याचा नि चर आपला, हे बंद झालं पाहिजे.

दहा कारागीर मिळून सहकारी संस्था काढा. हार्डवेअरवाला एकट्याला उधार देत नाही, संस्थेला देईल. नाही दिलं तर वर्गणी काढून माल घेऊ. जयंतीच्या डीजेला पैसा निघतो तर डाय नि पाईप व्हाइसला निघत नाही?

पोरींना घ्या. २०१९ च्या अखेरीस पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी सुरू झालं तेव्हा कुठल्या गल्लीत किती वाजता किती दाबानं पाणी येतं हे कुणाला पाठ होतं? आमच्या बायकांना. पाणी आयुष्यभर त्यांनी वाहिलं, त्याचा पाना त्यांच्या हातात का नको? माझी आई शेवटपर्यंत हंडा वाहत होती नि मी पोटासाठी लोकांच्या घरी नळ बसवत होतो. आपल्या घरी नळ यायला मलाच उशीर झाला, हेही लिहून ठेवतो.

नि शेवटचं. चेंबरात उतरायचं नाही. पाचशेला नाही, पाच हजारांना नाही. ड्रेनेजचं काम करायचं ते उतार काढणारा, लाईन टाकणारा कारागीर म्हणून करायचं, नि नळाच्या कामासकट करायचं. नुसतं गटार देत असतील तर काम सोडायचं. एकट्यानं सोडलं तर उपास. पन्नास जणांनी सोडलं तर साईट बंद पडते. मी करून बघितलेलं नाही. मी एकटा होतो, म्हणून चार वर्षं गप बसून फावडं मारलं. तुम्ही एकटे राहू नका.

त्या पोराला माझं उत्तर एवढंच. मामा नाही, दुकानदार नाही, ठेका नाही, तर मी तुझा मामा. रविवारी सकाळी नऊला विहाराच्या मागच्या शेडात ये. पाना, डाय, एक्सोब्लेड मी आणतो. जीआयचा अर्धा इंची तुकडा घेऊ नि आटे पाडायला बसू. मित्र असतील तर घेऊन ये. बहीण असेल तर तिलाही.

जयभीम.